घराला लागलेली धाप

ही हकीकत तुम्ही खरी मानणार नाही, मंडळी, हवी तर पैज लावा. त्र्यंबक मोहिल्यांनी उभ्या जन्मात इतक्या थापा मारल्या, की एकदाच जे खरं घडलं त्याला साक्षीदार म्हणून एकट्या त्यांच्या वहिनीच उरल्या.

तर, त्र्यंबकरावांचे थोरले भाऊ यशवंतदादा गेले आणि कॅनडात विनिपेगमधलं त्यांचं घर श्वास घेऊ लागलं. तळघरातली घर तापवणारी भट्टी, म्हणजे फर्नेस, पेटली की भिंती फुगायच्या, बंद झाली की आत यायच्या. इतपत चालून गेलं असतं. पण फर्नेस धड पेटतच नव्हती. धडधडायची, दोन घोट गरम वारा सोडायची, की खट्ट. लगेच पुन्हा धडधड, पुन्हा खट्ट. जुना दमेकरी जसा. आणि दर खट्टला घर जेवढं आत यायचं, तेवढं परत बाहेर जात नव्हतं. सकाळी सोफ्यामागून वाट होती. दुपारी तिथून त्र्यंबकराव पोट आत घेऊन सरकले. जेवणाच्या टेबलाच्या पलीकडच्या खुर्च्या भिंतीत गेल्या, त्यांच्या पाठी तेवढ्या बाहेर दिसत होत्या.

“भावजी, काहीतरी करा,” सिंधूवहिनी म्हणाल्या. अंगावर दोन शाली, वर दादांचा कोट. बाहेर थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठत होती, आणि वादळ सरेपर्यंत मिस्त्री यायला तयार नव्हता.

“काळजी सोडा. साखर कारखान्यात एवढाले बॉयलर होते माझ्या हाताखाली. बोलायचे माझ्याशी.”

“हो, आणि ऊस खाऊन ढेकरही द्यायचे. उतरा खाली.”

तळघरात ते वाकूनच उतरले. आधी फिल्टर ओढून काढला. त्यात दादांची दाढी वाढली होती, पांढरीशुभ्र, चार बोटं लांब. दादा रोज गुळगुळीत दाढी करणारे. म्हणजे ही सगळी मागाहूनची. त्र्यंबकरावांनी ती कात्रीने कापली, जाळी झटकली, परत बसवली. धडधड. खट्ट. छत त्यांच्या मानेला लागलं.

मग त्यांनी आतली कांडी काढली. ज्योत पेटली की नाही, हे फर्नेसला त्या कांडीवरून कळतं. ती काजळली होती. राख लावून भांड्यासारखी लख्ख घासली. धडधड. खट्ट. वर आले ते गुडघ्यांवर.

आणि वर आल्यावर त्यांना दुखणं सापडलं. ते तळघरात नव्हतंच.

दादा गेले ते घरातल्या बोळात; भिंतीला टेकून बसले, ते पुन्हा उठलेच नाहीत. वहिनींनी रीतीप्रमाणे त्याच जागी दिवा लावला होता. शेजारी जमिनीवर पीठ पसरून त्यावर टोपली पालथी घातली होती. गेलेला माणूस पुढे कुठल्या जन्माला गेला, ते पिठावरच्या पावलावरून कळतं म्हणतात. घर तापलं की फर्नेस बंद करणारा थर्मोस्टॅट त्याच भिंतीवर. छत खाली आलं तसा तोही सरकत सरकत ज्योतीच्या वर वीतभरावर येऊन थांबला होता. फर्नेस जरा पेटली की दिव्याच्या उबेत त्याला वाटायचं, झालं, घर तापलं. की खट्ट.

“वहिनी, दिवा हातभर बाजूला घेऊ?”

“जिथे प्राण गेला तिथेच ठेवतात तो.”

“अहो, घर चेपून मारेल आपल्याला!”

“त्याला म्हणावं, दहाव्यापर्यंत दम धर. दिवा गेला तर ह्यांना वाट दिसायची नाही, भावजी. चष्मासुद्धा इथेच राहिलाय.”

एवढं बोलून त्या दिव्यात घालायला तेल आणायला स्वयंपाकघराकडे रांगत गेल्या.

पुढच्या खट्टला भिंत त्र्यंबकरावांच्या बरगड्यांना भिडली. त्यानंतरच्या खट्टला एक बरगडी वाजली. त्यांनी बोटं जिभेवर ओली केली आणि वात चिमटून टाकली.

फर्नेस पेटली. या वेळी खट्ट झालं नाही. घराने श्वास घेतला, आणि घेतच राहिलं. भिंती मागे हटल्या, छत वर गेलं, खुर्च्या भिंतीतून सुटून बाहेर आल्या. त्र्यंबकराव ताठ बसले. कानाच्या पाळ्यांपर्यंत ऊब आली. जरा गरम होऊ दे, मग हळूच पुन्हा लावू, त्यांनी ठरवलं. पण काडेपेटी स्वयंपाकघरात होती, आणि बोळ लांबत लांबत स्वयंपाकघराचं दार त्या काडेपेटीएवढं झालं होतं. त्यात तेलाची बरणी घेतलेल्या वहिनी, तांदळाच्या दाण्याएवढ्या.

त्यांनी टोपली उचलली.

पिठावर पाऊल होतं. भेगांची टाच, दादांचीच. लहानपणी त्याच टाचांना दोघं भाऊ कोकमतेल लावत बसायचे. पण नुसती टाच. बोटं अजून टेकायची होती.

“भावजी,” बोळातून आवाज आला, लांबून, तरी कानात बोलल्यासारखा. “दिवा तेवतोय ना?”

“तेवतोय, वहिनी,” त्र्यंबकराव म्हणाले. जन्मभराची सवय, जीभ अडखळली नाही. “चांगला मोठा तेवतोय.”

घर श्वास सोडत नव्हतं.

“खोटं,” वहिनी म्हणाल्या. “हे इथे माझ्यापाशी एका पायावर उभे आहेत.”