सध्याचा वापर : काही नाही

भूगोल शिकवणाऱ्या माणसाला एक खोड लागते. समोर डोंगर दिसला की तो कुणाचा हे विचारायच्या आधी तो कशाचा बनलाय हे सांगायचं. मी पस्तीस वर्षं सांगत आले, त्यातली बारा कडेगावच्या शाळेत. निवृत्त होऊन सांगलीला घर केलं तरी खोड गेली नाही. उलट समोर वर्ग उरला नाही म्हणून वाढलीच.

त्यामुळे इंद्रजितचा फोन आला तेव्हा मी हुरळून गेले. इंद्रजित माझा जुना विद्यार्थी, आता कडेगावपलीकडच्या एका वाडीचा सरपंच. पुण्याच्या एका कंपनीला या भागातला एक उजाड डोंगर हिरवा करायचा होता. दहा हजार झाडं, भोवती तारेचं कुंपण आणि पाच वर्षं चराईबंदी. डोंगर निवडायला आधी पाच ठिकाणची पाहणी करून फॉर्म भरून द्यायचे होते. "बाई, ह्या भागात तुमच्याशिवाय जाणकार हाय कोन?" तो म्हणाला. स्तुती मला लगेच लागू पडते.

भाद्रपदात दोन दिवस गाडी करून मी पाचही डोंगर पाहिले. मिरजेच्या डॉक्टरांनी गुडघ्यामुळे चढायला बंदी केली होती, म्हणून पाहणी पायथ्यावरून, दुर्बिणीनं. सगळीकडे एकच चित्र. गवत कमरेएवढं वाढलेलं आणि वर ना गुरं, ना मेंढरं, ना माणूस. मी फोटो काढले, आणि 'सध्याचा वापर' या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं : काही नाही, जमीन पडीक. खाली सही केली.

कंपनीनं इंद्रजितच्या वाडीचा डोंगर निवडला. अकरा डिसेंबरला, म्हणजे जागतिक पर्वत दिनाला, पहिला खड्डा खणायचा आणि त्याआधी मी भाषण करायचं असं ठरलं. भाषण मी आठवडाभर घोटत होते. जगातल्या निम्म्या माणसांचं पाणी डोंगरांतून येतं, डोंगर म्हणजे पृथ्वीच्या पाण्याच्या टाक्या, वगैरे वगैरे.

आदल्या दिवशी मांडव बघायला म्हणून वाडीवर गेले, तर डोंगराच्या वाटेनं मेंढरं वर निघालेली. शे-दीडशे तरी असतील. मागून काठी टेकत एक बाई चाललेली, वयानं माझ्याएवढीच, पण गुडघे माझ्यापेक्षा कितीतरी बरे.

"अहो, खाली आणा ती मेंढरं!" मी वर्गातला आवाज काढला. "उद्यापासून डोंगर बंद आहे."

ती थांबली. मला नीट निरखून म्हणाली, "बंद? आवं बाई, आजच तर उघडलाय."

तिचं नाव हरणाबाई. वाडीत मेंढ्या पाळणारी सात घरं, त्यात ती सगळ्यांत वडील. मला वाटलं, बाई वेड पांघरतेय. तिनं वाटेकडेच्या वाळल्या गवताचं एक कणीस तोडलं, माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, "चोळा."

मी चोळलं.

"आता फुका."

मी फुंकर मारली. सगळा कोंडा उडून गेला आणि हात रिकामा राहिला.

"बी ऱ्हायलं का हातात? न्हाई. म्हंजे पडलं समदं खाली. आता मेंढरं घालायची. आखाडापास्नं बी पडूस्तवर हितं कुनी जनावर घालत न्हाई. औंदा पाऊस लांबला, म्हून उशीर झाला, न्हाईतर दिवाळीला उघडतोय."

"आणि कुणी घातलंच तर?"

"एकांदी शेळी जातीया चुकून. मग त्या घरानं बिरोबाला नारळ द्याचा आन् समद्यांचं ऐकून घ्याचं." ती हसली. "नारळाचं काय न्हाई. ऐकून घ्याचंच लय जड जातंय."

मी तिथेच दगडावर बसले. म्हणजे भाद्रपदात मला जो रिकामा डोंगर दिसला, तो रिकामा नव्हताच. सात घरांनी मेंढरं मागे धरली होती, पाच-साडेपाच महिने, डोळ्यांसमोर हिरवंगार गवत दिसत असताना. त्या राखण्यालाच मी पडीक म्हणाले होते. शाश्वत विकास या विषयावर मी प्रश्नपत्रिका काढल्या आहेत, दहा गुणांच्या. आणि तो पायथ्याशी उभी राहून दुर्बिणीतून बघितला तरी मला ओळखता आला नाही.

तरी माझ्यातली मास्तरीण सहजासहजी हार मानत नाही. "पण हरणाबाई, झाडं लावली तर चांगलंच ना?"

"लावा की. लवणात लावा, वगळीला लावा, तितं माती हाय. माथ्यावर टीचभर माती, खाली समदा मुरूम. तितं खड्डं पाडलं की झाड न्हाई जगायचं आन् गवत तेवडं मरंल. गवतानं पानी धरलंय म्हून खालच्या हिरीला उनाळ्यातबी पानी आस्तंय." मग जरा थांबून तिनं विचारलं, "बाई, तार खरंच मारनार व्हय?"

"पाच वर्षं," मी म्हणाले.

तिचा चेहरा उतरला. "मग आमाला वाट धरायची आली. आदी जायचो आमी, पार किस्नाकाठ, कवा कर्नाटकात. वीस सालं झाली, सोडलंय. थोडी शेती हाय, डोंगुर हाय, भागतंय. नात मंगल आठवीत हाय माजी. मेंढरामागं गेली तर शाळा कुटली आलीय?"

या बाईला मी काय सांगणार होते? की तुझ्या नातीची शाळा माझ्या सुवाच्य अक्षरानं बंद पडतेय? मला इतकी लाज वाटली की चहा घ्यायलाही थांबले नाही. परतीच्या वाटेवर तयार भाषणाची चार पानं फाडली. इंद्रजितला फोन करावा असं तीनदा मनात आलं आणि तिन्ही वेळा मी भ्याले.

दुसऱ्या दिवशी मांडव भरला होता. कंपनीकडून राजस नावाचा तरुण अधिकारी आला होता, शांत, नम्र, हातात टॅबलेट. मी माइकसमोर गेले आणि जे होतं ते सांगितलं. मी डोंगर चढले नाही. कुणाला विचारलं नाही. बी पडेपर्यंत गवत राखलेलं होतं, त्याला मी वापर नसलेली जमीन म्हणाले. फॉर्ममध्ये लिहिलेलं खोटं आहे आणि ते मी मागे घेते. झाडं द्यायचीच असतील तर ओघळींच्या कडेनं थोडी द्या, पण माथ्यावर खड्डे नकोत आणि तार तर नकोच.

 मग मागे बसलेल्या सात घरांनी टाळ्या वाजवल्या. हरणाबाईनं पुढं येऊन माझ्या कपाळाला भंडारा लावला. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. चूक कबूल केल्यावर माणूस इतका हलका होतो की जवळजवळ गर्वच होतो.

इंद्रजितला मात्र बरं वाटलं नव्हतं. मला बाजूला घेऊन तो म्हणाला, "बाई, सहा म्हयनं मागं लागून आणलंवतं हे. आदी इचारलं असतं तर?" त्याचं खरंच होतं. मी त्याला विचारलं, तू तरी मला का नाही सांगितलंस? तो खाली बघत म्हणाला, त्याच्या घरी मेंढरं कधी नव्हतीच, आणि बाईंना चूक कोण सांगणार.

एवढ्यात राजस आला. मला वाटलं, चिडला असेल. पण तो अगदी सौजन्यानं बोलला. "मॅडम, थँक्यू. तुम्ही वेळेत सांगितलंत. काही अडचण नाही, यादीत पुढचा डोंगर आहेच." त्यानं टॅबलेटवर बोट फिरवलं आणि माझ्याच अक्षरातला कागद माझ्यासमोर धरला. "सध्याचा वापर : काही नाही. जमीन पडीक. हाही तुम्हीच पाहिलाय ना? मग सोमवारी हा फायनल करतो."

कपाळावरचा भंडारा एकदम जड वाटायला लागला. पाच डोंगर, दोन दिवस, एकच वाक्य. मी त्याला म्हणाले, थांबा, तोही कागद धरू नका, उरलेले तीनही धरू नका. तो म्हणाला, "चालेल मॅडम, पण कारण लेखी लागेल. सोमवारच्या आत."

सोमवारला चार दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यादीतल्या पुढच्या डोंगराखाली उतरले. गाडीवाल्याला परत पाठवलं, गुडघ्याला पट्टा बांधला, दुर्बीण घरीच ठेवली. डोंगर ओसाड दिसत होता. गवत आता पिवळं, पण वर एकही जनावर नाही, भाद्रपदात दिसला होता तसाच रिकामा. पायथ्याच्या बाभळीखाली एक म्हातारा घोंगडी अंथरून बसला होता आणि त्याची मेंढरं खालच्या काढलेल्या रानात धसकटं चघळत होती. मी त्याला नाव विचारलं. बिराप्पा, असं त्यानं सांगितलं. मग मी जे भाद्रपदात विचारायला हवं होतं ते विचारलं.

"हा डोंगर कधी उघडता तुम्ही?"

त्यानं माझ्याकडे मान वळवली. आश्चर्य वगैरे काही नाही. "अजून आठ दिस. बी हाय थोडं." मग तो जरा सरकला आणि घोंगडीवर मला जागा करून दिली. "भादव्यात तुमीच आल्ता न्हवं, गाडी घिऊन, फोटू काडाय? आमी हितंच हुतो की, ह्याच झाडाखाली. लय येळ थांबलो. वाटलं, इचारतील."