वॉल्टरचं ग्रीस

कॉलिनने गाडीची किल्ली खिशात घातली तेव्हा एनिड चहा ओतत होती. तिने किटली आपटली नाही की आवाज चढवला नाही. मुलाचा कप भरला, त्यात दूध घातलं आणि म्हणाली, "याला चोरी म्हणतात."

"आई, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे."

"मग थोड्या दिवसांची चोरी."

कॉलिन लीड्सहून खास त्यासाठीच आला होता. आदल्या रविवारी जुन्या गाड्यांच्या क्लबची फेरी क्रोबेकच्या घाटातून गेली. उतारावरच्या वळणाला एनिडची गाडी सरकत सरकत रस्त्याच्या मध्यावर आली आणि समोरून आलेल्या दुधाच्या ट्रकवाल्याने भोंगा वाजवत ब्रेक मारला. काही झालं नाही, पण मागच्या गाडीत क्लबचा सेक्रेटरी गॉर्डन मेटकाफ होता आणि त्याने सगळं पाहिलं. पाहिलं तर पाहिलं, एनिडशी बोलायचं की नाही? त्याने फोन केला तो लीड्सला, तिच्या मुलाला. तिला खरा राग आला तो याचा. शहात्तर वर्षांच्या बाईबद्दल आता तिच्या पाठीमागे बोललेलं चालतं, असं या लोकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

"गाडी डावी-उजवीकडे ओढते," ती म्हणाली. "गेले दोन महिने ओढतेय. मी सांगितलं होतं गॉर्डनला."

"हो, गॉर्डन बोलला."

"काय बोलला?"

कॉलिनने कपात पाहिलं. "म्हणाला, या वयात सगळे असंच म्हणतात. आधी गाडी ओढते, मग रस्ता अरुंद होतो."

गाडी लाल होती, दोघांपुरती, उघड्या टपाची. एनिड आणि वॉल्टरने ती लग्नाच्या वर्षी घेतली. आणि हा देश असा की गाडीने चाळिशी ओलांडली की सरकार तिची वार्षिक तपासणी माफ करतं, आणि माणसाने सत्तरी गाठली की दर तीन वर्षांनी त्याच्याकडून लिहून घेतं की बाबा, मी अजून धड आहे. एनिडने मार्चमध्येच तसं लिहून दिलं होतं. डोळे तपासले होते, चष्म्याचा नंबरही बदलला नव्हता. पण हे सगळं कॉलिनला पुन्हा ऐकवायचा तिला कंटाळा आला. आपण धड आहोत हे दर वेळी पुराव्यानिशी मांडायचं, आणि समोरच्याने फक्त मान हलवायची, यात माणूस हरतोच.

कॉलिन गेल्यावर ती गॅरेजमध्ये गेली. गाडी जॅकवर चढवायला किल्ली लागत नाही.

चाळीसहून जास्त वर्षं ती वॉल्टरचा दुसरा हात होती. तो गाडीखाली आडवा, ही दिवा धरून, पाने देत. तो गेल्यावर त्याचं सगळं ती त्याच्याच पद्धतीने करत आली. दर वसंतात ग्रीसगन घेऊन ती गाडीखाली शिरायची आणि जिथे जिथे वॉल्टर ग्रीस भरायचा तिथे तिथे भरायची.

तिने आधी टायर बघितले. नक्षी खोल होती, कुणीही बघून म्हणेल नवेच आहेत. पण ही गाडी वर्षातून जेमतेम पाच-सहा रविवार बाहेर पडणार, तिची नक्षी झिजणार कधी? तिने गुडघ्यावर बसून टायरच्या कडेला कोरलेला, तो बनवल्याच्या वर्षाचा आकडा वाचला आणि स्वतःवरच चिडली. ते टायर वॉल्टरच्या दुसऱ्या ऑपरेशनच्याही आधीचे होते. रबर कडक झालं होतं, कडेला बारीक भेगा पडल्या होत्या. शेजारच्या मेंढपाळाच्या व्हॅनमधून चाकं गावात पाठवून तिने चारही टायर बदलून घेतले. मग स्टिअरिंगच्या दांड्यांच्या टोकांना असलेली रबरी टोपणं फाटली होती, ती टोकं बदलली. मागचे स्प्रिंग, धक्के झेलणारे शॉक, सांध्यांतले रबरी बुश पाहिले. ते बरे होते.

पुढची दोन्ही चाकं हवेत ठेवून तिने स्टिअरिंग फिरवलं. तरी जड. सोडलं की जिथे होतं तिथेच राहायचं, सरळ व्हायचं नावच नाही.

त्या दुपारी ती स्टुलावर नुसती बसून राहिली. खरं सांगायचं तर ती घाबरली होती. टायर झाले, दांडे झाले. आता काहीच सापडलं नाही तर? तर मग गॉर्डन बरोबर, कॉलिन बरोबर, आणि ओढत होती ती आपणच. अशा घरात, जिथे बस आठवड्यातून दोनदा येते आणि दुकान डोंगराच्या पलीकडे, किल्ली गेली म्हणजे काय गेलं हे लीड्सवाल्याला काय कळणार?

मग ती उठली. दांडे चाकांपासून सोडवले आणि एकेक चाक हाताने वळवून पाहिलं. उजवं अडत अडत वळलं. डाव्याला तर तिला दोन्ही हातांनी जोर लावावा लागला.

स्टिअरिंगचा यात काही दोष नव्हता. चाक ज्या उभ्या खांबावर वळतं त्याच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ते टोक एका पितळी ठोकळ्यात फिरतं. पुढच्या चाकाचा सगळा भरवसा त्या आट्यांवर. तिने ठोकळा उघडला. आत वॉल्टरचं ग्रीस होतं, वर्षांमागून वर्षांचं, आणि त्याचं मेण झालं होतं. त्या मेणाच्या बुचामागे आटे कोरडे ठणठणीत, गंजलेले, आणि एका बाजूने इतके झिजलेले की बोट लावलं तर कापलं.

एकदा कधीतरी डर्बीशरहून एक पाहुणा आला होता, क्लब जमतो त्या पबात. म्हणाला होता, अहो, तिथे ग्रीस नाही, जाड तेल घालायचं असतं, ग्रीस आतपर्यंत पोचत नाही. वॉल्टर म्हणाला, तेल वाहून जातं, ग्रीस टिकतं, मी ही गाडी तू शाळेत होतास तेव्हापासून चालवतोय. सगळा पब हसला. एनिडही हसली होती. पाहुणा पुन्हा आला नाही, आणि क्लबातल्या ज्यांच्या ज्यांच्याकडे तसल्या गाड्या होत्या त्या सगळ्यांनी ग्रीसगन घेतल्या.

"वॉल्टर, मूर्खा," ती रिकाम्या गॅरेजला म्हणाली, आणि मग रडली, कारण तो तिथे उत्तर द्यायला नव्हता.

आपली गाडी गुपचूप दुरुस्त करणं सोपं होतं. नवे खांब, नवे ठोकळे, जाड तेल, झालं. वॉल्टरचं नाव शाबूत. क्लबात त्याच्या नावाचा चषक होता, सगळ्यात नीट राखलेल्या गाडीला मिळणारा, आणि तो दर सप्टेंबरला कॉलिनच्या हातून दिला जायचा. पण गॉर्डनची गाडीही तसलीच, आणि तिच्यात त्याच्या शेजारी त्याची बायको मॉरीन बसते. तो ठोकळा एखाद्या वळणावर सुटला तर चाक गाडीखाली दुमडतं, आणि क्रोबेकच्या घाटात दगडी भिंतीपलीकडे खाली ओढाच आहे. एनिडने तो झिजलेला खांब आणि ठोकळा वर्तमानपत्रात गुंडाळला.

चषकाच्या दिवशी ती मेंढपाळाच्या व्हॅनमधून उतरली. पबच्या अंगणात गाड्या रांगेने लागल्या होत्या. टेबलावर चषक, शेजारी डुकराचं मांस भरलेल्या खाऱ्या पेस्ट्री आणि लोणच्याची बरणी. कॉलिन सूट घालून उभा होता. तिने चषकाला लागून पुडकं उघडलं.

"हे काय आणलंस?" गॉर्डनने विचारलं.

"माझं म्हातारपण," ती म्हणाली. "हात लावून बघ. जपून, कापेल."

तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. ग्रीस चूक आहे. वॉल्टर चुकला. मी तीन वर्षं त्याचीच चूक गिरवली. तुमच्यातल्या निम्म्यांच्या गाड्यांत हेच आहे.

मग गॉर्डन अगदी मऊ आवाजात म्हणाला, "एनिड, तुला वाईट वाटलंय, ते आम्हाला कळतं. पण त्यासाठी वॉल्टरवर खापर कशाला? त्याने आयुष्यभर असंच केलं. कधी काही मोडलं?"

"नाही मोडलं. नशीब चांगलं त्याचं. तुझं किती चांगलं आहे ते बघू या. गाडी उचल."

"आत्ता? इथे? गाडी धुऊन-पुसून आणलीय गं मी."

"मग मी उचलते."

आणि तिने खरोखरच गॉर्डनच्या डिकीतून गॉर्डनचाच जॅक काढला, कोट काढून खडीवर टाकला आणि त्यावर गुडघे टेकले. अंगणात कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, अरे, थांबवा तिला कुणीतरी.

"आई, उठ," कॉलिन खाली वाकून म्हणाला. "सगळे बघतायत."

"बघू देत की. त्यासाठीच आलेय. तू एक तर चाक धर, नाहीतर उजेडातून बाजूला हो."

कॉलिनने सूटच्या बाह्या वर केल्या.

"वर एक हात, खाली एक. आता हलव. आत-बाहेर."

त्याने हलवलं. चाक खालच्या बाजूला टक्क करून हललं. त्याने पुन्हा हलवलं, पुन्हा टक्क. तो गॉर्डनकडे बघत म्हणाला, "हे हलायला नको ना?"

गॉर्डन खाली बसला. त्याने स्वतः चाक धरलं, हलवलं, मग वळवायला गेला आणि त्याचा चेहरा लाल झाला, कारण चाक वळेना. मॉरीनने गाडीचं दार उघडलं, सीटवरची आपली पर्स आणि स्वेटर उचलला आणि म्हणाली, "मी एनिडबरोबर व्हॅनमधून जाईन."

त्यानंतर कुणी चषकाचं नाव काढेना. एकेक जण जॅक शोधायला लागला. शेवटी गॉर्डननेच विचारलं, एनिडकडे न बघता, की चषकावरच्या नावाचं काय करायचं.

"राहू दे नाव," ती म्हणाली. "गाड्यांवर त्याचं प्रेम खरंच होतं. कुणाचं ऐकून घेत नव्हता, एवढंच. ते तर तुम्हीही घेत नाही."

कॉलिनने रुमालाला हात पुसले, पण डाग गेले नाहीत. तिला हात देऊन उठवलं, खडी झटकली आणि किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. "चुकलो," म्हणाला. पुढचं बोलायला त्याला जड गेलं, तरी तो बोलला. "पण आई, एक दिवस येईलच. गाडी ठीक असेल आणि तू ठीक नसशील. त्या दिवशी मी काय करू?"

तिला हा प्रश्न आवडला. आजवर तिला न विचारता सगळ्यांनी याचं उत्तर आपसात ठरवलं होतं. विचारलं ते त्याने पहिल्यांदा.

"त्या दिवशी मी आपण होऊन किल्ली देईन," ती म्हणाली. "पण आधी गाडी जॅकवर घ्यायची. टायर बघायचे, दांडे बघायचे, ठोकळा उघडून आत बोट घालायचं. तिथे काही सापडलं नाही, तर मग माझ्याकडे बघायचं. आणि बघायचं ते माझ्या तोंडाकडे, गॉर्डनच्या नाही."