बावीस पावलं

"मासे न्यायचे नाहीत, मम्मा. तिथं खाणंपिणं सगळं खोलीच्या भाड्यातच धरलेलं असतं. बसल्या जागी आणून देतात."

"देऊ देत की. त्यांचा मासा बर्फातला. मी माझा तळलेला खाईन आणि त्यांचा नुसता बघेन," मिस आयसी म्हणाली. चुलीजवळ खुर्ची ओढून ती किसलेल्या कसाव्याची बॅमी, जाड भाकरीसारखी, थापत होती. डावा पाय स्टुलावर, घोट्यापर्यंत पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला.

"असल्या हॉटेलात डबा घेऊन जाणारी तू पहिली बाई असशील."

"त्या जागेवर जन्मलेली बाई तरी दुसरी कोण आलीय तिथं?"

नोव्हलेटनं हातातल्या कागदावर खोडलेला शब्द पुन्हा लिहिला. मासे, चार. बॅमी, सहा. एकोणीस वर्षं ती हॉटेलच्या आरक्षण विभागात बसून लोकांच्या सुट्ट्या आखत आली होती. कुणाला कोणत्या महिन्यात शेवाळाचा त्रास होणार नाही, कुणाच्या लहान मुलाला कोणत्या बाजूची वाळू बरी, नवं लग्न झालेल्यांना कोणता मजला, हे तिला तोंडपाठ होतं. स्वतःची सुट्टी ती पहिल्यांदाच आखत होती, आणि तीही त्याच टापटिपीनं. शुक्रवारी तीनला पोच. पुढच्या दारात चाकाची खुर्ची. मनगटाला पाहुण्यांची रंगीत पट्टी. साडेचारला ऊन उतरल्यावर समुद्राचं पाणी. शनिवारी सकाळी पुन्हा पाणी. रविवारी अकराला परत.

पंधरा वर्षं नोकरी झालेल्याला दोन रात्री, सोबत एक माणूस, अशी हॉटेलची बक्षिसी होती. ती तिनं चार वर्षं नुसती पडू दिली होती. ऑक्टोबरात डॉक्टरांनी आईच्या पायाबद्दल पहिल्यांदा स्पष्ट बोलायला सुरुवात केली, त्या संध्याकाळी नोव्हलेटनं हॉटेलचं माहितीपत्रक घरी आणलं. मिस आयसीनं चष्मा पुसून त्यातलं चित्र बराच वेळ पाहिलं.

"हे बदामाचं झाड बापानं लावलेलं," ती म्हणाली. "आमचं दार याच्या डाव्या हाताला. दारातून पाण्यापर्यंत बावीस पावलं. मी रोज मोजायची. कधी एक कमी नाही, एक जास्त नाही."

झाडाच्या डाव्या हाताला आता एकशे चौदा नंबरची खोली होती. नोव्हलेटनं ती दुसऱ्याच दिवशी फेब्रुवारीतल्या या शुक्रवारसाठी स्वतःच्या नावानं लावली.

नंतर शस्त्रक्रियेची तारीख पडली. शुक्रवारनंतरचा बुधवार. साखरेनं पाय काळा पडत चालला होता आणि गुडघ्याखाली कापावा लागणार होता. पाणी लागू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"जो कापायचाच आहे त्याला जपायचं कशाला?" मिस आयसीनं त्यांनाच विचारलं होतं. "दोन्ही पाय एकदा पाण्यात घालते आणि मग तुमच्या स्वाधीन करते. शपथेवर सांगते, पळून जाणार नाही."

डॉक्टर हसले होते. नोव्हलेटला हसू आलं नव्हतं.

"टॅक्सी पुढच्या दारात थांबव," बॅमी उलटताना आई म्हणाली. "नोकरांच्या फाटकाशी नाही."

"पुढच्याच दारात, मम्मा. इथं लिहिलंय बघ."

"लिहिलंय ते ठीक. पण ड्रायव्हरला सांग. बापाला हॉटेल बांधणाऱ्यांनी मागच्या वाटेनं काढलं. डोक्यावर हंडा, हातात जाळं, आणि मागून आम्ही पाच पोरं चिखल तुडवत. मी नऊ वर्षांची होते. तेव्हापासून त्या जागेत पाऊल नाही. आता जाईन ती पुढच्या दारानं."

गुरुवारी सकाळी नोव्हलेट कामावर पोचली तेव्हा टोरंटोत बर्फाचं वादळ झालं होतं.

आरक्षण विभागाला खिडकी नव्हती. धुलाईघराच्या मागची खोली, सहा खुर्च्या, सहा पडदे, भिंतीवर समुद्राचं एक मोठं छायाचित्र. पुढच्या बाजूला, जिथं पाहुणे वावरतात तिथं, मागच्या बाजूच्या लोकांनी जायचं नाही असा दंडक. समुद्र तिथून दोनशे हातांवर होता, आणि एकोणीस वर्षांत नोव्हलेटनं तो बहुतेक त्या छायाचित्रातच पाहिला होता.

"टोरंटोची विमानं बंद," शेजारच्या खुर्चीतली ट्रेशा म्हणाली. "आज जाणारे जात नाहीत, उद्या जाणारेही अडकले. आणि लंडन, मायामीचे मात्र बॅगा भरून यायला तयार. बाहेरून दिवसापुरते येणारेही बंद केलेत."

दहा वाजता मॅनेजर मिस टुलक दारात आली. वयानं नोव्हलेटपेक्षा लहान, चालण्यात कायम घाई. "नोव्हलेट, उद्यासाठी आठ खोल्या कमी पडतात. दोनपर्यंत यादी दे."

हलवायची यादी. खोल्यांपेक्षा पाहुणे जास्त झाले की काहींना गावातल्या दुसऱ्या हॉटेलात हलवायचं. कुणाला, हे ठरवण्याचे नियम नोव्हलेटच्या पडद्याशेजारी चिकटवलेले होते. प्लास्टिकच्या आवरणात, कोपरे पिवळे पडलेले. खाली सही तिचीच. नोकरीच्या चौथ्या वर्षी तिनं ते स्वतः तयार केले होते आणि तेव्हाच्या मॅनेजरनं सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली होती. पहिला नियम असा होता: बक्षिसी सुट्टीवरचे कर्मचारी सर्वप्रथम रद्द. ते तक्रार करत नाहीत.

तेव्हा तिला ते वाक्य नेमकं आणि नीटस वाटलं होतं.

ती कामाला लागली. एका रात्रीसाठी येणारे चार. उशिरा पोचणारे दोन. कंपनीच्या खर्चानं येणारा एक. सात झाले. आठव्या जागेशी ती थांबली.

ट्रेशानं मान वाकवून पडदा पाहिला. "हे मायामीचं कुटुंब टाक ना. नवरा, बायको, पोर. स्वस्तातलं बुकिंग आहे, त्या हॉटेलातही खूश राहतील. तिथं पाण्याची घसरगुंडी आहे."

"नियमात ते बसत नाहीत."

"कोण तपासतंय नियम? त्या बाईला आठ नावं पाहिजेत. कुणाची का असेनात."

यादी दोन वाजता हजेरीच्या घड्याळाशेजारी लागत असे. सामान वाहणाऱ्यांना, गाडीवाल्यांना, सफाईच्या बायकांना कळावं म्हणून. येता-जाता तीनशे माणसं ती वाचत. त्यांतलं एक माणूस म्हणजे माळीकामावरचे मिस्टर लिनव्हल. गेल्या मार्चमध्ये त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. बक्षिसीच्या दोन रात्री त्यांनी वर्षभर आधी मागून घेतल्या होत्या. बायकोनं केस करून घेतले, नवा झगा शिवला. आणि आदल्या दिवशी यादीत पहिलं नाव त्यांचं. या खोलीच्या दारात ते टोपी हातात धरून उभे राहिले होते. काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. नोव्हलेट फोनवर होती. तिनं बोट वर करून थांबायला सांगितलं, आणि फोन संपला तेव्हा दारात कुणी नव्हतं. त्यानंतर अकरा महिने त्यांनी तिच्या गुड मॉर्निंगला उत्तर दिलं नव्हतं. या गावात कुत्र्यालाही गुड मॉर्निंग म्हणतात.

पावणेदोनला तिनं आठवं नाव लिहिलं आणि नियमाप्रमाणे ते उचलून सगळ्यात वर नेलं. पिनॉक, नोव्हलेट. एकशे चौदा. रद्द.

"तू ठार वेडी आहेस," ट्रेशा म्हणाली. "अगं, बुधवारी तुझ्या आईचा पाय..."

"नियम माझा आहे."

"मग मोड की!"

"मार्चमध्ये मोडला असता तर आज मोडता आला असता."

हे तिनं खरेपणानं केलं की घड्याळाशेजारच्या तीनशे जणांच्या नजरेच्या धाकानं, हे तिला नंतरही कधी नीट सांगता आलं नाही.

मिस टुलकनं यादी उभ्या उभ्याच वाचली. "पिनॉक म्हणजे तूच?"

"हो, मिस."

"अरेरे. सप्टेंबरात देते तुला. नक्की."

"सप्टेंबरात वादळं असतात, मिस."

"म्हणून तर खोल्या रिकाम्या असतात," मिस टुलक हसली. मग हसू आवरून तिनं विचारलं, "काही अडचण नाही ना?"

आईचा पाय नोव्हलेटच्या ओठांवर आला होता. पण मिस टुलकचा फोन वाजला, आणि तिनं एक बोट वर केलं. नोव्हलेट काही क्षण त्या बोटाकडे पाहत उभी राहिली आणि जागेवर जाऊन बसली.

पाच वाजता हजेरीच्या घड्याळापाशी मिस्टर लिनव्हल यादीसमोर उभे होते. चष्मा कपाळावर, हाताला मातीचा वास. नोव्हलेटनं कार्ड घातलं. तिनं मान वर केली नाही.

"गुड इव्हनिंग, मिस पिनॉक."

"गुड इव्हनिंग, मिस्टर लिनव्हल," ती म्हणाली.

"तुमच्या मातोश्री म्हणजे मिस आयसी ना? खाडीवरच्या?"

"हो."

"ऐकलं मी पायाचं." त्यांनी चष्मा नाकावर घेतला, पुन्हा काढला. "पहाटे साडेपाचला आम्ही वाळूवरचं शेवाळ ओढतो. पाहुणे सातशिवाय उठत नाहीत. मागचं फाटक माझ्याकडं असतं. शेवाळाच्या ढकलगाडीवर खुर्ची ठेवू, मी पाण्यापर्यंत नेईन. पाच मिनिटं तर पाच मिनिटं. कुणाला कळायचं नाही."

"मार्चमध्ये..." ती म्हणाली.

"ते राहू दे," मिस्टर लिनव्हल म्हणाले. "झगा बायकोनं चर्चला घातला. साडेपाच. उशीर नको."

घरी आली तेव्हा मिस आयसी पलंगावर बसून हॅट घालून पाहत होती. पिवळी, रुंद काठाची, निळ्या फितीची. पलंगाखाली सामानाची पिशवी भरून तयार, वर दोन्ही चपला. डाव्या पायाची चप्पल तिला महिनाभर घालता आली नव्हती, तरी ती घेतली होती.

नोव्हलेटनं उभ्यानंच सगळं सांगितलं. वादळ, आठ खोल्या, यादी. मग नोव्हलेटनं पहाटेचं सांगितलं. भरभर, हातवारे करत, आईला नाही म्हणायला जागा राहू नये म्हणून.

"मागचं फाटक," मिस आयसी म्हणाली.

"पाच मिनिटं, मम्मा. पाय तर भिजतील."

"झाडांमागची ती वाट. अजून आहे?"

"आहे."

"बापाला काढलं ती."

"मम्मा, बुधवारी..."

"बुधवार मला माहीत आहे, पोरी. पाय माझा आहे." तिनं हॅट काढून मांडीवर ठेवली. "लिनव्हल भला माणूस. त्याची आई आणि मी एका बाकावर होतो. त्याला माझा निरोप सांग. म्हणावं, आयसीनं आभार मानलेत. पण जिथं माझ्या बापानं चूल मांडली तिथं मी शेवाळाच्या गाडीवरून चोरासारखी जाणार नाही. दोन पायांनी नाही, एका पायानंही नाही."

"मीच लिहिलं गं ते," नोव्हलेट म्हणाली. "तो नियम. मीच."

मिस आयसीनं हॅटची फीत सारखी केली. "अक्षर तुझं पहिल्यापासून चांगलं," ती म्हणाली. "मासे काढ. गार झाले की चामट होतात."

दोघींनी दोन-दोन मासे खाल्ले. मिस आयसीनं काटे ताटाच्या कडेला ओळीनं लावले, नेहमी लावायची तसे.

शुक्रवारी मायामीचं कुटुंब एकशे चौदामध्ये उतरलं. बुधवारी शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, ठरल्याप्रमाणे झालं. पलंगाखालची पिशवी तशीच होती. केर काढताना नोव्हलेट ती पुढं ओढत असे, खालून झाडू फिरवत असे आणि पुन्हा मागं सारत असे.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी फोनवर तिच्या कानात एका बाईचा आवाज आला. दूरच्या कुठल्यातरी थंड शहरातला. बाईला सुट्टी आखायची होती. समुद्राकाठी, जूनच्या आधी, एक आठवडा. आई बरोबर येणार होती, पंच्याऐंशी वर्षांची, फार चालवत नाही.

"खालच्या मजल्यावर एक खोली आहे, मॅडम," नोव्हलेट म्हणाली. "एकशे चौदा. दारासमोर बदामाचं झाड आहे. सावली दिवसभर असते."

"दारातून पाणी किती लांब?"

पाहुण्यांना काय सांगायचं ते कागदावर ठरलेलं होतं. 'समुद्र अगदी काही पावलांवर.' एकोणीस वर्षं तिनं तेच वाचलं होतं.

"बावीस पावलं," ती म्हणाली.

बाई हसली. "अगदी बावीस? तुम्ही चालून पाहिलंत वाटतं?"

"नाही, मॅडम. मी नाही." नोव्हलेटनं पडद्यावर तारखा उघडल्या. "नऊ वर्षांच्या मुलीची आहेत ती पावलं. तुमच्या मातोश्रींना थोडी कमी लागतील. नाव काय लिहू?"