माझे नाव धामण

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे, आणि आधीच सांगून ठेवते, माझ्या अंगात कसलीही विद्या नाही. ती आहे असे ज्यांना वाटले त्या सगळ्यांना मी ओळखत होते. त्यांच्यातला एक सहा वर्षांचा होता. त्याच्यासाठी हे सांगते आहे, नाहीतर काठीने तोंड उघडू नये हेच बरे.

पळसदरीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी, वीस-बावीस घरांची एक ठाकरवाडी आहे. तिच्या मागच्या रानात मी एका धामणीच्या झाडाची फांदी होते. धामण म्हटले की तुम्हाला साप आठवेल. तोच तो लांबलचक, उंदीर खाणारा, बिनविषारी. पण धामण नावाचे झाडही असते. त्याचे लाकूड चिवट. वाकते, पण सहसा मोडत नाही. कुऱ्हाडीचे दांडे आमचे, म्हाताऱ्यांच्या काठ्या आमच्या. झाडाचे आणि सापाचे नाव एकच कसे पडले ते मला ठाऊक नाही.

गोमा भगताने मला तोडले तेव्हा त्याच्या मिशा काळ्याभोर होत्या. त्याने माझी साल काढली, विस्तवावर शेकून मला सरळ केले, तेल पाजले, आणि कर्जतच्या बाजारातून पितळेचे पाच घुंगरू आणून माझ्या डोक्याशी तारेने बांधले. मग त्याने मला अंगणात ठोकून पाहिले. छन् छन् झाले. खरे सांगायचे तर त्या दिवशी मी फार मिरवले.

भगत म्हणजे वाडीचा जाणता माणूस. गाय हरवली, मूल रडायचे थांबेना, पाऊस लांबला की लोक गोमाकडे येत. तो मला धरून डोळे मिटायचा आणि झाड काय म्हणते, डोंगर काय म्हणतो ते सांगायचा. लोक माझ्याकडे वचकून बघत. "काठी बोलते रं गोमाची," असे आपसात म्हणत. मी काय बोलणार? तोडल्या दिवसापासून माझे माझ्या झाडाशीही बोलणे नव्हते. त्याच्याखालून कितीदा गेले, पण त्याच्या पानांची सळसळ मला कळली नाही. कापलेल्या फांदीचे असेच होते.

पण एक गोष्ट होती, ती मी तेव्हा नीट पाहिली नाही. साप चावलेले माणूस आणले की गोमा मला कधीच काही विचारत नसे. तो आधी जखम बघायचा, डोळ्यांच्या पापण्या बघायचा, आणि ओरडायचा, "आदी गाडी जुपा! मंतर मी वाटंत म्हनतो." आणि बैलगाडी कर्जतच्या दवाखान्याकडे निघाली की खरोखरच वाटभर मंत्र म्हणायचा. लोकांना वाटे मंत्राने माणूस वाचला. गोमाने त्यांना तसे वाटू दिले. त्याची चूक म्हणाल तर एवढीच, पण ती लहान नव्हती.

माझे खरे काम होते वाटेवरचे. गवतातून, बांधावरून, पाचोळ्यातून जाताना गोमा दर पावलाला मला जमिनीवर ठोकायचा. सापाला आपल्यासारखे ऐकू येत नाही, पण जमिनीचा हादरा त्याच्या पोटाला कळतो. तो आपणहून बाजूला होतो. वीस वर्षांत रानातल्या जिवांशी मी एकच वाक्य बोलले: आम्ही येतोय, बाजूला हो. हे काम मला फार हलके वाटायचे. घुंगरू बांधलेल्या काठीने जमीन बडवत जायचे म्हणजे काय!

गोमाची नात मैना आणि नातू लडकू. मैना अकरा वर्षांची, लडकू सहाचा. त्यांचा बाप मैना लहान असताना कोळशाच्या भट्टीवर कामाला गेला आणि लडकूच्या जन्माआधी तापाने वारला. त्यांची आई चिंधी दिवस उजाडताच मोळी घेऊन खाली जायची. मुले आज्याजवळ. गोमाचे गुडघे धरू लागले होते, तो दुपारी ओटीवर झोपायचा, आणि मी भिंतीला टेकून असायचे. तिथून मैनाने मला उचलले. साल सत्तर असेल की एकाहत्तर.

तिने एक खेळ काढला, भगत-भगत. ज्याच्या हातात मी, तो भगत. बाकीच्यांपैकी कुणी झाड, कुणी वाघ, कुणी ओढा. भगताने काठी टेकवली की समोरच्याने खरे बोलायचे, हा नियम. पण मैना आज्याचे ऐकत मोठी झालेली. तिने नियमांना कुंपणे घातली. झाड आपल्या सावलीत घडले तेवढेच सांगेल. त्याला माणसांची नावे येत नाहीत. तीन प्रश्न झाले की ते गप्प. आणि उद्याचे कुणीच काही सांगायचे नाही. शेजारचा कमळ्या एकदा आंबा झाला होता. मैनाने मला त्याच्या पोटाला टेकवून विचारले, "तुज्याखाली काल काय झालं?" कमळ्या म्हणाला, "एक नकटी पोर आली आन माज्या दोन कैऱ्या पदरात बांदून गेली. नाव ठावं नाय." सगळी पोरे खदखदून हसली. मैना पाठीत धपाटा घालायला त्याच्यामागे धावली.

लडकूला मात्र नेहमी सापच व्हायचे असे. अंगणातून पोटावर सरपटत यायचा, सगळे अंग धुळीने माखायचे. काठी टेकवली की त्याचे उत्तर ठरलेले, "मी धामन हाय. मी चावत नाय." दुसरा कुठला साप हो म्हटले तर रडायचा. त्याला कुणाला चावायचे नव्हते.

मग एक दिवस चिंधीची कोंबडी कुठे अंडी घालते ते सापडेना. मैनाने मला तीन बोटांत सैल धरले, आणि कमळ्या एकेक जागा म्हणत गेला, "चुलीमागं? पाटीखाली? वईच्या कडंला?" वईच्या कडेला म्हटल्यावर माझे घुंगरू वाजले. कुंपणाशी जाऊन पाहिले तर चार अंडी! साऱ्या वाडीत बोभाटा झाला. पोरीला आज्याची विद्या आली म्हणून चिंधीचा ऊर भरून आला. बायका आपली हरवलेली कोयती, दावणीतून सुटलेले वासरू विचारायला येऊ लागल्या. मित्रांनो, मी त्या बोटांत होते. मैनाने त्या कोंबडीला सकाळी वईतून येताना पाहिले होते आणि विसरली होती. तिची बोटे विसरली नव्हती, एवढेच. हाताला जे हवे असते तेच माझ्या घुंगरांत वाजते. हे मला कळत होते आणि तरी मला पुन्हा मिरवायला मिळाले म्हणून मी सुखात होते.

गोमाला हे दिसत होते. एकदा तो नुसता म्हणाला, "खेळ हाय तवर खेळा गं." पुढचे बोलला नाही. बोलला असता तर त्याला आपलेही गुपित सांगावे लागले असते.

भात झोडून झाले होते. खळ्याच्या कडेला पेंढ्याचे भारे रचलेले. त्या सकाळी गोमा शेजारच्या वाडीत गेला होता, दुसरी एक बांबूची काठी घेऊन, कारण मी मैनाच्या हातात होते. चिंधी मोळी घेऊन खाली. खेळ सुरू झाला. मैनाने मला खळ्यात आडवे ठेवले आणि कमळ्याला वाघाचे पट्टे काढायला कोळसा शोधू लागली. साप झालेला लडकू सरपटत पेंढ्याच्या दोन भाऱ्यांमधल्या फटीत शिरला. मी तिथून हातभर अंतरावर होते.

आतून त्याचा आवाज आला. हलका, विश्वासाचा आवाज.

"मी धामन हाय. तू कोन रं?"

मग तो मागे मागे सरपटत बाहेर आला, मनगट चोळत. "आतमंदी दुसरा साप हाय," तो म्हणाला. "मी इचारलं तर मला चावला. त्याला खेळ येत नाय."

मनगटावर टाचणी टोचल्यासारखे दोन ठिपके होते. सूज नाही, रक्त नाही. "दुखतंय?" मैनाने विचारले. "मुंगीवानी." "कसा व्हता?" "अंधार व्हता. काळा काय तरी."

कमळ्या म्हणाला, "माज्या आयला बोलवू?" त्याची आई घरातच होती, वीस पावलांवर.  मैनाने मला उचलले. तिला पळायचे नव्हते, तिला ऐकायचे होते की काही झालेले नाही. तिने मला तीन बोटांत धरले आणि म्हणाली, "नावं घे."

"नाग?" कमळ्या म्हणाला. मी गप्प.

"घोनस? फुरसं?" गप्प.

"मन्यार?"

मित्रांनो, इथे मैनाची बोटे आवळली. इतकी घट्ट की एकही घुंगरू हलू शकला नाही. मण्यारीचा चावा फारसा दुखत नाही, सुजत नाही, हे ती आज्याकडून ऐकत आली होती. मी बाहेरून गप्प होते, पण त्या आवळलेल्या बोटांत जे होते ते तिने आणि मी दोघींनीच ऐकले.

"धामन?"

बोटे सुटली. पाचही घुंगरू वाजले. लडकू टाळ्या पिटत म्हणाला, "बघ, माज्यासारकाच!" आणि खेळ पुढे सुरू झाला.

दुपार होईपर्यंत तो खेळला. मग पोटात दुखते म्हणाला. मग झोप येते म्हणाला आणि ओटीवर आडवा झाला. चिंधी आली, तिने पोर दमले म्हणून अंगावर लुगडे टाकले. त्यानंतर गोमा आला. नातवाला हाक मारली, तो उठेना. गोमाने त्याची पापणी वर केली, ती पुन्हा खाली पडली. त्याने हात उलटून मनगट पाहिले.

"कवा चावलं?"

"सकाळी," मैना म्हणाली.

"मंग सांगितलं का नाय कुनाला?"

"काठीला इचारलं आज्या. काठी म्हनली धामन."

गोमाने माझ्याकडे पाहिले. वीस वर्षांत त्याने मला असे कधी पाहिले नव्हते. "अगं पोरी," तो म्हणाला, "काठीच धामनीची हाय. ती दुसरं काय सांगल?"

गाडी जुंपली. त्या वाटेवर गोमाने एकही मंत्र म्हटला नाही. लडकूची छाती हळूहळू हलायची थांबत गेली, आणि कर्जतची घरे दिसू लागली तेव्हा ती पुरती थांबली. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासले आणि विचारले, "सकाळी चावला, मग दुपारपर्यंत तुम्ही काय करत होता?"  चिंधीने मैनाकडे पाहिलेही नाही. मला वाटले, आता इथेच मला कुणीतरी गुडघ्यावर मोडावे. पण आमचे लाकूड मोडत नाही.

बारावे झाल्यावर गोमाने माझे घुंगरू सोडवले आणि ओढ्यात टाकले. तार घट्ट बसली होती, तिने माझे डोके चिरले. ती चीर अजून आहे. मग मैना त्याच्याजवळ येऊन बसली. 

"आज्या, मन्यार म्हनला तवा मीच बोटं आवळली."

 "माजी बी आवळायची, मैने," तो म्हणाला. "म्हून तर सापाला मी काठी कदी इचारली नाय. हे तुला सांगाया पायजे व्हतं. लोकांपुडं भगत ऱ्हायचं व्हतं मला." आणि तो असा रडला की मैनालाच त्याला धरावे लागले.

त्यानंतर कुणी काही विचारायला आले की तो म्हणे, "मला काय ऐकू येत नाय. कदीच येत नव्हतं." काही लोक चिडले, काहींनी दुसरा भगत शोधला. मला त्याने आढ्याला खोचून ठेवले. धुराने मी काळी पडले, एका टोकाने वाळवी लागली. गोमा गेला तेव्हाही मला कुणी खाली काढले नाही. चिंधी माझ्याखालून रोज जायची, मान वर न करता.

परवाच्या पावसाळ्यानंतर मैना माहेरी राहायला आली. आता ती तिशीच्या जवळ आली आहे, तिची मुलगी जना खालच्या शाळेत जाते. शाळेची वाट गवतातून आहे. पहिल्या दिवशी मैना आढ्याकडे बघत उभी राहिली. चिंधी चुलीपाशी होती. ती म्हणाली, "काढ. पोरीला लागंल वाटंत." सतरा-अठरा वर्षांत माझ्याविषयी ती बोललेली ती पहिली गोष्ट.

वाटेत जनाने विचारले, "आये, ही काठी बोलते म्हनं?"

"बोलत नाय," मैना म्हणाली. "हिला काय इचारायचं नाय. ठोकायची. आन काय बी चावलं, मुंगी का आसंना, तर पळत येऊन मला सांगायचं. मी रागं भरनार नाय. कदीच नाय."

मित्रांनो, तुम्ही खेळा. झाड व्हा, वाघ व्हा, मी तुम्हाला अडवणार नाही. पण खरा साप तुमचे नियम शिकलेला नसतो, आणि खरी जखम झाली की खेळ तिथेच टाकून मोठ्या माणसाकडे धावा. मोठ्या माणसांनो, तुम्हीही ऐका. तुम्हाला जे येत नाही ते येत नाही म्हणून मुलांना वेळेवर सांगा.

आता मी रोज सकाळी जनाच्या पुढे जमीन ठोकत जाते. घुंगरू नाहीत, मिरवणे नाही. आम्ही येतोय, बाजूला हो. गवत हलते, काहीतरी सरकून जाते, वाट मोकळी होते. जिवांशी बोलायचे एवढे एकच वाक्य मला येते. त्या सकाळी त्या पेंढ्यापाशी तेवढेच पुरे होते, आणि ते न म्हणता मी लडकूपासून हातभर अंतरावर पडून होते.