उरलेली वीज

चार वाजून दहा मिनिटांनी दीपालीने तीच यादी तिसऱ्यांदा वरपासून खालपर्यंत वाचली. संगणकाच्या पोटातला एकेक अवयव तिथे नावानिशी नोंदलेला होता. फक्त नेटवर्क अडॅप्टर, म्हणजे वायफायचे कार्ड, ज्याच्या जोरावर मांडवीतले हे घर समुद्रापलीकडे बोलत असे, ते त्या यादीत नव्हते. काल होते. आज त्याची जागासुद्धा उरली नव्हती.

पाच वाजता सुजय बोलणार होता. त्याचे जहाज डर्बनला लागले होते, आणि आज ते निघाले की पुढचे दोन महिने नुसते पाणी. दीपालीला मोबाइलवरचा नवरा पुरला असता. तिच्या सासूबाईंना, येसूबाईंना, पुरत नव्हता. त्यांच्या नजरेचा मधला भाग वर्षभरात धुरकटत गेला होता. मोबाइलवर लेकाचा आवाज येई आणि चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग. या मोठ्या पडद्याजवळ नाक नेऊन, मान जराशी तिरकी धरली, तरच तो त्यांना दिसे. हेही दोन महिने टिकेल असे धरू नका, असे डॉक्टरांनी दीपालीला बाजूला घेऊन सांगितले होते. येसूबाईंनी ते दाराआडून ऐकले होते.

"गो, लागला काय?" ठेवणीतले पातळ नेसून त्या खुर्चीत बसल्या होत्या.

"बघत्येय आई."

मोबाइलच्या स्पीकरवर लवू होता, सुजयचा चुलतभाऊ. संगणक दुरुस्तीचे दुकान मारुती मंदिराजवळ, आणि स्वतः नेमका आज लांज्याला अडकलेला.

"वहिनी, वर व्ह्यू लिहिलंय ना, ते दाबा. लपलेली उपकरणं दाखवा, असं काहीतरी येईल."

तिने दाबले. यादी किंचित लांबली, आणि दोन ठळक ओळींच्या मधून एक फिकट नाव वर आले, ओहोटीनंतर ओल्या वाळूत उरलेल्या पावलासारखे. नसलेल्याचीही नोंद हे यंत्र सांभाळून होते!

"आहे, भावजी. पण पुसट."

"म्हणजे मशीनला आठवण हाय, पण कार्ड हाकेला ओ देत नाय. मला सांगा, मशीन पुरतं बंद कधी केलं होतंत?"

दीपालीने सासूकडे पाहिले. "हे जहाजावर गेल्यापासून... नाही."

"सात महिने? वहिनी, माणूस पण झोपतो हो!"

"मी सांगितलंय तिला, बंद करू नको म्हणून," येसूबाई म्हणाल्या. "तू नको शिकवू, लव्या."

घरचा पुरुष मिरकरवाड्याच्या बंदरातून होडी काढी, तेव्हापासून या घराच्या पडवीत एक कंदील असे. माणूस पाण्यावर असेतो तो मालवायचा नाही, भर दुपारीही नाही. होडी गेली, रॉकेल गेले. येसूबाईंनी ते व्रत गुपचूप संगणकाच्या बटणावरच्या हिरव्या ठिपक्याकडे सोपवले, कारण लेकाचा चेहरा तिथे उगवे. वीज गेली तरी इन्व्हर्टर तो ठिपका जपत असे.

"काकी, ऐका माझं," लवूचा आवाज नरमला. "प्लग काढला तरी आत थोडी वीज उरते. ती साचली की कधीकधी कार्ड अडून बसतं. प्लग काढायचा, बटण तीस सेकंदं दाबून धरायचं. उरलेली सगळी निघून गेली, की मशीन पहिल्यापासून सगळ्यांना हाका मारतं."

"आणि नाय आला परत तर?"

प्रश्न संगणकाबद्दल होता. तरीही दीपालीने चटकन देवघराकडे पाहिले.

"तर उद्या मी येऊन कार्ड बदलीन."

उद्या. तेव्हा जहाज निघून गेलेले असणार.

घड्याळात पाचला वीस मिनिटे उरली. येसूबाई उठल्या, भिंत चाचपत देवघरात गेल्या आणि निरांजन लावून घेऊन आल्या.

"काच पुसायची तर कंदील मालवायलाच लागायचा. तेव्हा आधी दुसरा दिवा लावून घ्यायचो," त्या म्हणाल्या. "मीच विसरले. काजळी धरलेला दिवा कोणाला दिसतो? काढ तो प्लग."

दीपालीने प्लग काढला. हिरवा ठिपका नाहीसा झाला. येसूबाईंनी तिचा हात बाजूला सारून स्वतःचे बोट बटणावर ठेवले. आणि वायरीपासून तुटलेल्या त्या पेटीत पंख्याने एक अर्धी गिरकी घेतली, ठिपका क्षणभर हिरवा झाला, मग विझला.

"उरली होती गो," येसूबाई पुटपुटल्या. "खरंच उरली होती."

तीस सेकंदं. काळ्या काचेत निरांजनाची ज्योत आणि दोघींचे चेहरे. सात महिन्यांत प्रथमच घरात ती बारीक घरघर नव्हती, आणि तिच्याखाली इतके दिवस दबलेली समुद्राची गाज खिडकीतून आत आली.

प्लग बसला. पडदा उजळला. दीपालीने यादी उघडली: पुसट नाव आता ठळक होते. पाठोपाठ कोपऱ्यातल्या खुणेवर आसपासच्या घरांतल्या वायफायची नावे उमटू लागली, सानवी होम, भागोजी ५जी, श्री स्वामी कृपा. ती एकेक वाचून दाखवू लागली.

"ही सगळी हवेत हायत?" येसूबाईंनी हात पुढे करून हवा चाचपली. "आपल्या घरातनं जातायत?"

"हो, आई."

"आणि मी समजत होते, मलाच दिसत नाय."

पाच वाजून सहा मिनिटांनी सुजय पडद्यावर आला. येसूबाई पुढे झुकल्या, मान तिरकी केली, आणि नाक जवळजवळ काचेला टेकवले. दीपालीला वाटले, दिसत नसावे.

"आई? दिसतोय का मी?"

"हनुवटीवर कापलायस," येसूबाई म्हणाल्या. "दाढी करताना घाई कोणाची होती रे मेल्या?"

तो हसला. त्या पाहतच राहिल्या, कपाळ, भुवया, कानाची पाळी, कण न् कण वेचून घेत, जणू आत कुठेतरी नोंदवून ठेवत होत्या. वेळ संपली तेव्हा सुजय म्हणाला, "येतो, आई."

पडदा काळा झाला. दीपालीने सवयीने ठिपका चालू आहे ना, ते पाहिले.

"मालव तो," येसूबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे मिटलेले होते. "झोपू दे त्याला. लेक हाय माझ्या आतमध्ये."