‘फितूर’चं कार्ड

शब्दकोशाच्या कचेरीत एक नियम होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. ज्यानं अर्थ लिहिला त्याची सही झाल्याशिवाय त्या शब्दाचं कार्ड छपाईला जायचं नाही. मग तो माणूस नोकरीवरून काढलेला का असेना! म्हणून तर धाकटी ‘फितूर’चं कार्ड पर्समध्ये घालून काकांच्या दाराशी उभी होती.

बारा वर्षं कचेरीत काकांनी तिला हाताला धरून शिकवलं. धाकटी हे नावही त्यांनीच ठेवलेलं. साहेबांनी काकांना काढायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांनी लिहून दिलं होतं, ‘काका गेले तर आम्हीही जाऊ.’ ऐनवेळी हिनं साहेबांकडे जाऊन आपली सही गुपचूप खोडली. पोरांची तोंडं डोळ्यांपुढे आली म्हणे. अहो, पोरं कुणाला नसतात? हिचं बघून बाकीच्यांनीही खोडल्या. काका एकटे घरी बसले. त्याला वर्ष झालं. तेवढ्या काळात हिनं एकदाही तोंड दाखवलं नव्हतं.

काकूंनी दार उघडलं, पाणी दिलं आणि आत निघून गेल्या. काका खिडकीशी बसले होते.

"बसा," ते म्हणाले.

बसा! बारा वर्षं काका धाकटीला ‘बस गं’ म्हणत आले होते. काकांनी चार शिव्या घालाव्यात, वाटेल ते बोलावं, एवढ्यासाठीच ती आली होती. सही काय, शिपायानंही आणली असती.

कार्डावर अर्थ काकांचा होता, उदाहरणाची जागा मात्र रिकामी राहिली होती. ती धाकटीनं भरली होती. तिनं मोठ्यानं वाचलं, "सगळे एकजुटीनं उभे होते, पण धाकटी फितूर झाली आणि काका..." पुढचं न वाचताच तिनं कार्ड काकांपुढे सरकवलं.

काकांनी कार्ड घेतलं, चष्मा चढवून नीट वाचलं. राग नाही, काही नाही. पेन घेऊन त्यांनी ओळ खोडली.

"हे वाक्य चालणार नाही. फितूर व्हायला माणूस आधी आपल्यातला असावा लागतो. परक्याला हा शब्द लावत नाहीत."

खाली त्यांनी लिहिलं, ‘किल्लेदार शत्रूला फितूर झाला.’ सही केली, तारीख घातली आणि कार्ड तिच्यापुढे धरलं.

"काका, मी तुमचीच होते हो..."

"जाताना दार ओढून घ्या," काका म्हणाले.