केबिनमधले साहेब

"बाई, तुम्हाला त्यातलं काय कळतं? साहेबांना द्या फोन."

हॉस्पिटलचे मॅनेजर फोनवर दर वेळी याच वाक्यावर येऊन थांबत. लिफ्ट दुरुस्तीच्या त्या छोट्या कंपनीच्या मालकिणीने त्यांना नुकतंच सांगितलं होतं, की स्ट्रेचरच्या लिफ्टचा दोर झिजलाय, तो आजच बदलायला हवा. सकाळी ती स्वतः लिफ्टच्या टपावर उभी राहून दोरावरून चिंधी फिरवून आली होती. दोरातली एखादी तार तुटलेली असली की चिंधी तिथे अडकते. आज ती जागोजागी अडकली होती.

"थांबा हं, साहेबांना विचारते," ती म्हणाली. रिसिव्हर टेबलावर ठेवला. चहाचा घोट घेतला. पंख्यावर साचलेली धूळ बघितली. आणखी एक घोट घेतला आणि रिसिव्हर उचलला.

"साहेब म्हणतात, दोर आजच बदलायला हवा."

"साहेब म्हणाले ना? मग बदला की. उगाच वेळ कशाला घालवताय?"

आता खरं सांगून टाकू. त्या कंपनीत साहेब नव्हते. कधीच नव्हते. केबिन होती, दारावर 'साहेब' अशी पाटी होती आणि दुधी काचेतून खुंटीला लटकलेला कोट अंधुक दिसे. आत ग्रीसचे डबे, जुन्या मोटारी आणि फरशी पुसायचं फडकं. कोट तिच्या नवऱ्याचा, कसरीने खाल्लेला. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा आणि लिफ्टला इतका भ्यायचा, की कुठल्याही इमारतीत जिन्यानेच चढायचा.

साहेबांचा जन्म झाला तो संतापातून. ती आधी एका लिफ्ट कंपनीत हिशेबाला होती. दुपारी जेवण आटोपलं की मेकॅनिकांच्या मागे मागे फिरून काम शिकली, परीक्षा देऊन परवाना काढला आणि कंपनी बंद पडल्यावर स्वतःची काढली. पहिल्याच इमारतीच्या मालकाने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळून विचारलं होतं, "काम कोण करणार? कोणी माणूस आहे का?" म्हणजे ती माणूस नव्हती! तिच्या तोंडून निघून गेलं, "आमच्या साहेबांशी बोलून सांगते." आणि काम मिळालं. मग साहेब राहिलेच. ते कधी मीटिंगला असत, कधी साइटवर, कधी त्यांचा घसा बसलेला असे. मेकॅनिक मंडळी हे खोटं इतक्या इमानाने सांभाळत, की कोणी साहेबांची चौकशी केली तर थोरला मेकॅनिक गंभीर चेहऱ्याने म्हणे, "आज जरा तापलेत. नंतरच बघा."

फोनवर बहुतेक वेळा सासूबाई असत. त्या आयुष्यभर एका सरकारी कचेरीच्या टेलिफोन बोर्डावर बसलेल्या. निवृत्त झाल्या आणि घरी करमेना, म्हणून सुनेच्या कचेरीत येऊन बसल्या. "हयातभर खऱ्या साहेबांना फोन जोडून दिले," त्या म्हणायच्या, "त्यांच्यापेक्षा हा बरा. ओरडत तरी नाही."

उद्योगात नाव काढणाऱ्या बायकांसाठी व्यापारी संघाचा एक पुरस्कार होता, पितळेच्या पाटीचा. त्यासाठी सुनेचं नाव कळवलं ते सासूबाईंनीच, तिला न विचारता. निवड समितीच्या बाई येऊन कचेरी बघून गेल्या, मेकॅनिकांशी बोलल्या. सगळं छान झालं. पण आठवड्याभरात त्यांचा फोन आला.

"तुमचं नाव आम्हाला गाळावं लागतंय. वाईट वाटतं सांगायला. पण कागदावर बायको आणि कारभार नवऱ्याचा, असे अर्ज आमच्याकडे ढिगाने येतात. तुमच्या गिऱ्हाइकांना विचारलं आम्ही. सगळे म्हणाले, बाई फोन घेतात, डोकं साहेबांचं. हॉस्पिटलचे मॅनेजर तर त्यांचं कौतुक करताना थकत नव्हते."

"साहेब नाहीत हो," ती म्हणाली. "मीच आहे."

मग त्या बाई सावकाश म्हणाल्या, "तसं असेल तर मला आनंदच होईल. पण हे तुमच्या एखाद्या गिऱ्हाइकाने येऊन सांगायला हवं. उद्या आमची शेवटची बैठक आहे."

तिने रिसिव्हर ठेवला आणि हसायला लागली. हसता हसता डोळे पुसू लागली.

"माझ्याच कोटाने मला पाडलं, आई. जाऊ दे. नको तो पुरस्कार. हॉस्पिटलला खरं सांगितलं तर ते म्हणतील, इतकी वर्षं फसवलं. कंत्राट जाईल. आपलं अर्धं काम त्यांच्याकडूनच येतं. या मेकॅनिकांच्या घरी काय सांगू, पितळी पाटीसाठी तुमच्या पोटावर पाय दिला म्हणून?"

सासूबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. म्हातारी आता बोलणार, हे सगळ्यांना कळलं. थोरल्या मेकॅनिकने हातातला पाना हळूच खाली ठेवला.

"तू साहेब उभा केलास तेव्हा मी गप्प बसले. तेव्हा चूल पेटायची होती. आता पेटलीय ना? मग अजून त्याला का पोसतेस? खात नाही, पीत नाही, पण तुझं सगळं नाव एकटा गिळतो."

"पण आई, चाललंय ना त्याच्यामुळे."

"चाललंय तुझ्यामुळे. आणि एक सांग. उद्या दुसरी कोणी बाई त्या हॉस्पिटलात काम मागायला गेली, तर तो मॅनेजर काय म्हणेल? 'साहेबांना आणा' म्हणेल. का? तर त्याने जन्मात बाईच्या हातचं चांगलं काम बघितलंच नाही. बघितलंय रोज, पण आपण त्याला कळू दिलं नाही. तुझं काम झालं गं बाई, पण मागून येणारीच्या तोंडावर आपण दार लावून घेतलं."

"कंत्राट गेलं तर?"

"गेलं तर दुसरं शोधू. पुन्हा फोनवर बसायला मी आहे."

"आम्ही पण आहोत, ताई," थोरला मेकॅनिक म्हणाला. "नाही तरी त्या साहेबांचा ताप सांगून सांगून आम्हालाच ताप यायची वेळ आलीय."

तेवढ्यात फोन वाजला. हॉस्पिटल.

"नवीन दोर बसल्यापासून लिफ्ट लोण्यासारखी चालतेय," मॅनेजर खुशीत होते. "साहेबांना द्या, आभार मानायचेत."

सवयीने तिचा हात रिसिव्हर ठेवायला टेबलाकडे निघाला. आणि मध्येच थांबला. सासूबाई बघत होत्या. मेकॅनिक बघत होते. तिने रिसिव्हर पुन्हा कानाला लावला.

"साहेब नाहीत."

"बाहेर गेलेत? मग नंतर करतो."

"नंतरही नसतील. आधीही नव्हते. दोर मी तपासला. बदलायचा निर्णयही माझाच. तुम्ही माझं ऐकत नव्हता, म्हणून मी साहेबांचं नाव सांगत होते."

पलीकडून एवढंच आलं, "मी येतो," आणि फोन बंद.

ते आले ते तावातावाने. कोणाशी न बोलता थेट केबिनचं दार उघडलं. ग्रीसचे डबे बघितले, फडकं बघितलं, कोट बघितला. कोटाची बाही त्यांनी हातात धरली. भोकांतून त्यांचीच बोटं त्यांना दिसली.

"हात मिळवा," सासूबाई मागून म्हणाल्या. "तुमचेच साहेब आहेत."

"नवीन वर्षाला मी दर वेळी पेन पाठवायचो साहेबांना," ते कसेबसे म्हणाले. "ती पेनं?"

"आमच्या मास्तरांकडे," ती म्हणाली. "त्याच पेनांनी मुलांचे पेपर तपासतात. छान चालतात. माफ करा."

मॅनेजर ग्रीसच्या डब्यावरच बसले. रागाने आलेला माणूस, पण राग आता उतरला होता. कपाळ पुसत ते म्हणाले, "तुम्ही माफी नका मागू. माझ्या मनात आता एकच गोष्ट घोळतेय. साहेब म्हणाले असं तुम्ही सांगितलं नसतं, तर मी तो दोर बदलू दिला नसता. त्या लिफ्टमधून ऑपरेशन झालेली माणसं खाली येतात. माझी स्वतःची आई आली होती गेल्या महिन्यात." मान खाली घालून ते म्हणाले, "निव्वळ बाई सांगतेय म्हणून मी ऐकलं नसतं."

असं कबूल करायला छाती लागते! ती त्या माणसाने दाखवली, हे मान्य करायलाच हवं. तिच्याकडून पुरस्काराची हकिगत कळल्यावर दुसऱ्या दिवशी समितीच्या बैठकीत जाऊन हेच शब्द त्याने सगळ्यांसमोर सांगितले. कंत्राटही तिच्याकडेच राहिलं.

पुरस्कार घेताना ती फार बोलली नाही. जे बोलली ते उपकार आठवूनच बोलली. "माझ्या नवऱ्याने कोट दिला आणि मी रात्री-अपरात्री लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरले तरी कधी कपाळाला आठी घातली नाही. माझ्या मेकॅनिकांनी माझं खोटं स्वतःचं समजून जपलं. मॅनेजरसाहेबांनी माझ्यासाठी स्वतःची चूक चारचौघांत सांगितली. आणि माझ्या सासूबाई. त्यांनी मला आधी साहेब ठेवू दिला आणि मग काढायला लावला. दोन्ही वेळा त्यांचंच बरोबर होतं. तुम्हा सगळ्यांचे आभार मानायला मला आज पहिल्यांदा माझ्या नावाने उभं राहता आलं." मास्तर पहिल्या रांगेत बसून रडत होते. सभागृह वरच्या मजल्यावर होतं. ते अर्थातच जिन्याने आले होते.

'बायकांना वेगळा पुरस्कार कशाला?' असं तोंड वर करून विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांना विचारावंसं वाटतं, तुमच्या ओळखीच्या किती दुकानांत, किती कचेऱ्यांत अशी कोटाची केबिन आहे, कधी बघितलंत? तो पुरस्कार कोणाची हौस भागवायला नसतो. काम कोणाचं आहे हे एकदा सगळ्यांनी मिळून उघडपणे बोलावं, एवढ्यासाठी असतो. आणि मायबहिणींनो, तुम्हालाही सांगणं आहे. पोटासाठी कोट टांगावा लागला असेल तर लाज नको. पण पाय टेकले की तो उतरवा. तुमच्या मागून येणारीला तुमचा चेहरा दिसू द्या.

पितळेची पाटी आता केबिनच्या दारावर आहे. त्यावर तिचं नाव. 'साहेब' ही जुनी पाटी सासूबाईंनी ग्रीसच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलीय.

परवा एका नव्या इमारतीतून फोन आला.

"साहेबांना द्या हो."

"बोला," ती म्हणाली. "मालकीण बोलतेय."

पलीकडचा माणूस अडखळला. तिने रिसिव्हर टेबलावर ठेवला नाही. तो बोलायला लागेपर्यंत ती शांतपणे कानाला धरून थांबली.